बहुचलनी खाते : लहान निर्यातदारापुढील निवड

रुपयाच्या तुलनेत अमेरिकी डॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये प्रथमच ९० रुपयांची पातळी ओलांडली, तेव्हा निर्यातीवर अवलंबून असलेल्या लहान कंपन्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : आलेले डॉलर लगेच रुपयांत बदलून घ्यावेत, की काही काळ डॉलरमध्येच राहू द्यावेत? मोठ्या उद्योगांकडे अशा निर्णयांसाठी स्वतंत्र विभाग असतो. पुण्यात दहा-बारा अभियंत्यांच्या बळावर परदेशी ग्राहकांची कामे करणारी संगणक कंपनी, तिरुपूरमधील होजिअरीचा छोटा कारखाना किंवा मुरादाबादचा पितळी वस्तूंचा निर्यातदार यांच्यापाशी मात्र एक हिशेबनीस, वर्षातून चार वेळा भेटणारा सनदी लेखापाल आणि बँकेतील एखादा ओळखीचा अधिकारी, एवढेच मनुष्यबळ असते.

याच वर्गाला समोर ठेवून गेल्या काही वर्षांत 'बहुचलनी व्यावसायिक खाते' या नावाच्या अनेक सेवा पुढे आल्या आहेत. एकाच ठिकाणी डॉलर, युरो आणि पौंड ठेवावेत, दर अनुकूल असेल तेव्हा ते बदलून घ्यावेत आणि जगात कोठेही पाठवावेत, असे त्यांचे आवाहन असते. ब्रिटन किंवा सिंगापूर येथे नोंदणी झालेल्या कंपनीच्या बाबतीत हे आवाहन बऱ्याच अंशी यथार्थ आहे. भारतातील कंपनीच्या बाबतीत ते अर्धेच खरे ठरते. परकीय चलन कोणत्या खात्यात, कशासाठी आणि किती दिवस ठेवता येईल, हे येथे खाते देणारी संस्था ठरवत नाही. ते परकीय चलन व्यवस्थापन कायदा, अर्थात 'फेमा', ठरवतो.

हा कायदा १९९९ चा असून तो १ जून २००० पासून अमलात आला. त्याने १९७३ च्या 'फेरा' कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्याच्या नावात 'नियमन' होते, नव्याच्या नावात 'व्यवस्थापन' आले. चलनविषयक उल्लंघनाचे फौजदारी स्वरूप जाऊन ते मुख्यतः दिवाणी झाले. तथापि एक तत्त्व कायम राहिले. निर्यातीतून मिळालेले परकीय चलन ठरावीक मुदतीत देशात आणणे निर्यातदारावर बंधनकारक आहे. परिपत्रकांच्या मराठी रूपांतरात यासाठी 'प्रत्यावर्तन' हा जड शब्द वापरावा लागतो. प्रस्तुत लेखकाला तो रोजच्या कामात अनेकदा खटकतो. पण 'परत आणणे' असे लिहिले, तर पैसे आधी येथूनच गेले होते असा भास होतो. शब्द कोणताही घेतला तरी अर्थ स्पष्ट आहे. कमाई परदेशात झाली असली तरी तिचा मुक्काम परदेशात असू नये.

भारतीय कंपनीला देशातल्या देशात परकीय चलन बाळगण्याचा रूढ मार्ग म्हणजे परकीय चलन मिळवणाऱ्यांसाठीचे खाते. बँकांच्या व्यवहारात ते 'ईईएफसी' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. आर्थिक सुधारणांच्या प्रारंभी, १९९२ मध्ये, ही योजना सुरू झाली. परकीय चलनाचे व्यवहार करण्यास अधिकृत असलेल्या बँकेत हे खाते उघडता येते आणि निर्यातीची १०० टक्के रक्कम त्यात जमा करता येते. ते चालू खाते असते, त्यावर व्याज मिळत नाही. डॉलरसाठी एक, युरोसाठी दुसरे, पौंडासाठी तिसरे, अशी प्रत्येक चलनाची वेगळी नोंद राहते. म्हणजे ज्याला जाहिरातीत बहुचलनी खाते म्हणतात, ते येथे अनेक एकचलनी खात्यांचा समूह असते. परदेशातून आलेले कर्ज किंवा भांडवली गुंतवणूक मात्र या खात्यात जमा करता येत नाही, ही बाब नवउद्योजकांच्या लक्षात अनेकदा उशिरा येते.

या खात्याची खरी मर्यादा मुदतीची आहे. एका महिन्यात जमा झालेली एकूण रक्कम, मंजूर कारणांसाठी झालेला खर्च आणि आगाऊ केलेले चलन करार वजा जाता, पुढील महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत रुपयांत बदलावी लागते. ३ मार्चला आलेले डॉलर ३० एप्रिलपर्यंत ठेवता येतील. ३१ मार्चला आलेल्या डॉलरनाही तीच ३० एप्रिलची तारीख लागू होईल. एकाला सुमारे आठ आठवडे मिळतात, दुसऱ्याला जेमतेम एक महिना. एकदा रुपयांत काढलेली रक्कम पुन्हा डॉलर करून याच खात्यात भरण्याची मुभा नाही.

हे बंधन कोठून आले, हे पाहणे उद्बोधक आहे. मे २०१२ मध्ये रुपयाची घसरण सुरू असताना भारतीय रिझर्व्ह बँकेने या खात्यांतील निम्मी शिल्लक पंधरवड्याच्या आत रुपयांत बदलण्याचा आदेश दिला होता. निर्यातदारांनी डॉलर दडवून ठेवल्याने बाजारात टंचाई वाढते, अशी त्यामागील धारणा होती. जुलै २०१२ च्या अखेरीस पूर्ण रक्कम जमा करण्याची सवलत परत मिळाली, पण ती महिनाअखेरच्या अटीसह. त्यामुळे रुपया पडत असताना डॉलर साठवून नफा मिळवण्याची आशा ज्याला वाटते, त्याने हे लक्षात घ्यावे की नेमक्या अशाच वेळी नियम कडक होण्याचा संभव सर्वाधिक असतो.

मग अशा खात्याचा उपयोग काय? उपयोग आहे, परंतु तो साठवणुकीचा नसून दुहेरी रूपांतर टाळण्याचा आहे. एक साधा हिशेब पाहू. एखाद्या कंपनीला दरमहा १०,००० डॉलर येतात आणि त्यातून २,००० डॉलर संगणक सर्व्हरचे भाडे आणि परवाने यांसाठी परदेशी पुरवठादारांना जातात. दर सोयीसाठी ९० रुपये धरू आणि बँक बाजारदरापेक्षा १ टक्का फरकाने व्यवहार करते असे मानू. सर्व डॉलर आधी रुपयांत बदलले आणि नंतर २,००० डॉलर पुन्हा विकत घेतले, तर १,८०,००० रुपयांच्या त्या रकमेवर येताना १,८०० आणि जाताना १,८०० असे ३,६०० रुपये दरमहा विनाकारण खर्ची पडतात. वर्षाला हा आकडा ४३,२०० होतो. परकीय चलन खात्यातून थेट देयक भागवल्यास हा खर्च वाचतो. जिची मिळकत परकीय चलनात आहे, पण खर्च सर्वस्वी रुपयांत, त्या कंपनीला मात्र या खात्यापासून फारसे काही मिळत नाही. तिच्यावर किमान शिलकीचा भार तेवढा वाढतो.

याच उदाहरणात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. १०,००० डॉलर म्हणजे ९ लाख रुपये. १ टक्का फरक म्हणजे ९,००० रुपये. तो फरक पाव टक्क्यावर आणता आला, तर दरमहा ६,७५० आणि वर्षाला ८१,००० रुपये वाचतील. खाते बदलून जेवढे हाती लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम केवळ दराविषयी बोलणी केल्याने मिळू शकते. तरीही लहान उद्योजक खात्याचे वार्षिक शुल्क रुपया-पैशापर्यंत तपासतो आणि विनिमय दर मात्र आभाळातून पडणाऱ्या पावसासारखा निमूट स्वीकारतो. बँकेच्या पत्रकात हा फरक शुल्क म्हणून छापलेला नसतो, तो दरातच मिसळलेला असतो. व्यवहाराच्या क्षणीचा बाजारदर नोंदवून त्याच्याशी मिळालेला दर ताडून पाहणे, हाच तो उघड करण्याचा उपाय.

यासाठी देशात एक सार्वजनिक व्यवस्थाही उपलब्ध आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये 'एफएक्स-रिटेल' हा मंच सुरू केला. बँकेचा ग्राहक येथे नोंदणी करून बाजारातील दराने डॉलर विकू किंवा घेऊ शकतो आणि बँक त्यावर आधी ठरलेले शुल्क आकारते. दर आणि शुल्क वेगळे दिसणे, हेच त्याचे मोल. खाते उघडण्यापूर्वी शाखेत जे प्रश्न विचारायचे, त्यांत 'या मंचावर माझी नोंदणी करून द्याल का आणि तुमचे शुल्क किती?' हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर असावा.

रूपांतरावरील वस्तू आणि सेवा कर मात्र कोणत्याही बँकेत सारखाच असतो. १ लाख रुपयांपर्यंत रकमेच्या १ टक्का, त्यापुढे १० लाखांपर्यंत अर्धा टक्का असे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. ९ लाखांच्या व्यवहारावर तो ९०० रुपये होतो. याशिवाय 'स्विफ्ट' मार्गाने पैसे येताना मधल्या बँका आपले शुल्क परस्पर कापून घेतात. बीजक १०,००० डॉलरचे आणि जमा त्याहून वीस-पंचवीस डॉलर कमी, असा मेळ न बसणारा हिशेब मग महिनोन्महिने बँकेच्या निर्यात नोंदीत उघडा राहतो. हे शुल्क कोणी सोसायचे, हे ग्राहकाशी करार करतानाच लिहून घेतलेले बरे.

परदेशी ग्राहकाला 'स्विफ्ट' टाळून आपल्या देशातल्या देशात पैसे भरता यावेत, ही सोय देणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांचा मार्ग याहून निराळा आहे. अमेरिकेतील किंवा युरोपातील खाते क्रमांक कंपनीच्या नावाने दिला जातो. ग्राहक तेथे स्थानिक पद्धतीने रक्कम भरतो आणि ती भारतात रुपयांत येते. या व्यवस्थेकडे रिझर्व्ह बँकेने प्रथम अत्यंत सावधपणे पाहिले. नोव्हेंबर २०१० च्या परिपत्रकात प्रत्येक निर्यात व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा होती आणि रक्कम सात दिवसांत निर्यातदाराच्या खात्यात पोहोचवणे आवश्यक होते. जून २०१३ मध्ये ही मर्यादा १०,००० डॉलरवर गेली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा कंपन्यांना सीमापार देयक संकलक म्हणून थेट नियमनाखाली आणण्यात आले आणि मर्यादा २५ लाख रुपये झाली. तेरा वर्षांत झालेला हा बदल लहान निर्यातदाराच्या दृष्टीने खरोखर मोठा आहे. ग्राहकाने दिलेला तो परदेशी क्रमांक म्हणजे आपले खाते नव्हे, तो संकलनाचा मार्ग आहे, एवढे भान राखले म्हणजे झाले. कोणत्या कंपन्यांना मान्यता आहे, याची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. जाहिरातीतील 'नियमांचे पालन करणारी' या शब्दांपेक्षा त्या यादीतील नाव अधिक विश्वसनीय.

आता ज्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्याकडे वळू. तो मुद्दा कागदपत्रांचा आहे. सेवांची निर्यात वस्तू आणि सेवा करातून शून्य दराची सवलत मिळवते. परंतु कायद्यातील व्याख्येनुसार त्यासाठी मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेची अनुमती असेल तेथे रुपयांत मिळालेला असावा लागतो. मध्यस्थ कंपनीमार्फत आलेली रक्कम खातेपुस्तकात अनेकदा साध्या देशांतर्गत हस्तांतरणासारखी दिसते. ती मुळात परदेशातून आली होती हे दाखवणारा दाखला हाती नसेल, तर कर अधिकाऱ्यापुढे ती देशांतर्गत विक्रीच ठरू शकते. वर्षभरात ५० लाख रुपयांची निर्यात करणाऱ्या कंपनीवर अशा वेळी १८ टक्क्यांनी ९ लाखांची मागणी येऊ शकते आणि व्याज वेगळे. दर फरकात वाचवलेले सगळे हजार येथे एका फटक्यात जातात.

म्हणून प्रत्येक जमा रकमेसाठी परकीय आवक दाखला मिळतो का, तो किती दिवसांत मिळतो, त्यावर बीजक क्रमांक आणि योग्य उद्देश संकेतांक असतो का, हे खाते निवडतानाच विचारावे. विदेश व्यापार महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ पासून निर्यातदाराला आपले इलेक्ट्रॉनिक बँक वसुली प्रमाणपत्र स्वतः तयार करण्याची सोय दिली. तिचा आधार बँकेने पाठवलेला आवक संदेश हाच असतो. बँकेने किंवा मध्यस्थाने तो संदेश वेळेवर पाठवला नाही, तर पुढची साखळी अडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने १० लाख रुपयांपर्यंतच्या निर्यात नोंदी निर्यातदाराच्या घोषणेवरून बंद करण्यास बँकांना मुभा दिली. लहान कंपन्यांवरील कागदी ओझे त्यामुळे हलके झाले. कर विभागापुढे पुरावा देण्याची जबाबदारी मात्र जेथे होती तेथेच राहिली.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेल्यानंतर निर्यातदारांना दिलासा म्हणून आणखी काही पावले टाकली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्यात मूल्य देशात आणण्याची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिने करण्यात आली. अनेकांनी या बातमीचा अर्थ 'डॉलर पंधरा महिने ठेवता येतील' असा लावला. तो चुकीचा आहे. ही मुदत ग्राहकाकडून पैसे येण्याची आहे. आलेले पैसे खात्यात ठेवण्याची नव्हे.

अशीच गल्लत जानेवारी २०२५ मधील निर्णयाबाबत झाली. त्या महिन्यात भारतीय निर्यातदारांना परदेशात परकीय चलन खाते उघडण्याची, निर्यातीचे पैसे तेथे घेण्याची आणि त्यातून भारतातील आयातीचे देणे भागवण्याची परवानगी मिळाली. बहुचलनी खात्याची वाट यामुळे पूर्ण मोकळी झाली, असे चित्र निर्माण झाले. नियमाचा मूळ मजकूर वाचला तर दोन गोष्टी दिसतात. येथेही रक्कम पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरायची किंवा मायदेशी आणायची आहे. दुसरे असे की, नियमात 'भारताबाहेरील बँकेत' असे शब्द आहेत. ज्या सेवा बहुचलनी खात्याच्या नावाने सर्वाधिक परिचित आहेत, त्यांतील अनेक बँका नसून इलेक्ट्रॉनिक चलन संस्था किंवा देयक कंपन्या आहेत. अनुवाद करताना 'खाते' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो आणि एवढा मोठा फरक वाक्यात विरून जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक सवलत मिळाली : गुजरातमधील गिफ्ट सिटीसारख्या भारतातील आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रात खाते असेल, तर एक महिन्याऐवजी तीन महिन्यांची मुदत. ज्यांची आयात आणि निर्यात दोन्ही मोठी आहेत, अशा कंपन्यांना याचा लाभ होईल. दहा माणसांच्या कंपनीला त्यासाठी लागणारा खर्च आणि खटाटोप परवडेलच असे नाही.

बँक आणि बिगर-बँक हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत दिसून आले. सिनॅप्स ही कंपनी अनेक वित्त-तंत्रज्ञान सेवा आणि बँका यांच्यामधील दुवा होती. ती दिवाळखोरीत गेली तेव्हा एक लाखाहून अधिक ग्राहकांचे पैसे अडकले. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांच्या अहवालानुसार ग्राहकांना देय असलेली रक्कम आणि बँकांतील प्रत्यक्ष शिल्लक यांत ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत होती. संबंधित बँका सुस्थितीत होत्या, मधली वही मात्र चुकीची होती. ठेव विमा बँक बुडाल्यास मिळतो, मध्यस्थ बुडाल्यास नव्हे, हे त्या ग्राहकांना तेव्हा कळले. अर्थात बँक म्हणजे पूर्ण निर्धास्तता असेही नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली, तेव्हा भारतीय नवउद्योगांच्या सुमारे १ अब्ज डॉलरच्या ठेवी तेथे होत्या, असा अंदाज तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी व्यक्त केला होता. अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेपलीकडील ठेवीही सुरक्षित राहतील, असे अमेरिकी सरकारने दोन दिवसांत जाहीर केले म्हणून त्या वाचल्या.

या सर्वांचा विचार करता पुण्यातील त्या दहा-बारा जणांच्या कंपनीला काय योग्य ठरेल? खर्चाचा पाचवा भाग डॉलरमध्ये असेल, तर नेहमीच्या बँकेतच चालू खात्याला जोडलेले डॉलरचे परकीय चलन खाते, दराविषयी लेखी ठरलेला फरक आणि एफएक्स-रिटेलची नोंदणी, एवढ्यावर तिचे काम चालावे. युरोतील ग्राहक एकच असेल आणि वर्षातून दोन-तीनदा पैसे देत असेल, तर त्यासाठी वेगळे युरो खाते उघडण्याचे कारण नाही. याउलट शंभर-दोनशे डॉलरची अनेक बीजके निरनिराळ्या देशांत पाठवणाऱ्या व्यवसायाला, मग तो हस्तकला वस्तू विकणारा असो वा ऑनलाइन शिकवणी घेणारा, मान्यताप्राप्त संकलकच सोयीचा. 'स्विफ्ट'चे शुल्क अशा लहान रकमांना पेलवत नाही. तिरुपूरच्या कारखान्याचे गणित यंत्रे आणि सुटे भाग परदेशातून येतात की नाही, यावर ठरेल.

खाते बदलायचे ठरलेच, तर एक व्यावहारिक अडचण आधीच जमेस धरावी. 'आमचा बँक क्रमांक बदलला आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी' असा ई-मेल ही सायबर भामट्यांची ठरलेली पद्धत आहे. परदेशी कंपन्यांचे लेखा विभाग त्यामुळे अशा पत्रावर विश्वास ठेवत नाहीत. दूरध्वनीवरून खातरजमा करतात, कंपनीच्या शीर्षपत्रावर सहीनिशी मागणी करतात आणि नवा क्रमांक नोंदवायला काही आठवडे घेतात. तोवर एखादे देयक जुन्याच खात्यात येते. त्यामुळे प्रत्येक ग्राहकाचे किमान एक देयक नव्या खात्यात जमा होऊन त्याचा आवक दाखला हाती येईपर्यंत जुने खाते सुरू ठेवणे इष्ट.